श्वास रोखून दिलेली मापं

माझ्या शिलाई मशीनच्या खणात चहापत्तीचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात परकराच्या नाड्या आहेत. प्रत्येक नाडीला दोन गाठी आणि टोकाला कापडाची एक चिंधी. एक नाडी म्हणजे एक बाई. नाव कशावरच लिहिलेलं नाही. तसं मी मुद्दाम केलं होतं आणि आता त्याचाच घोर लागला आहे. त्यातल्या नऊ नाड्या कोणाच्या, हे मला आठवत नाही, आणि त्या बायका सापडणं गरजेचं आहे. का, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

या अंकाच्या संपादकबाईंनी "तुझ्या कामाबद्दल लिही" म्हटलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. कामाच्या आठवणी लोक निवृत्त झाल्यावर लिहितात. मी अजून तिशीही गाठलेली नाही, आणि माझं काम असं की ते आमच्या घराबाहेरच्या पाटीवरसुद्धा नाही. पाटीवर आहे, 'ब्लाऊज शिवून मिळतील. फॉल-पिको करून मिळेल.' दोन्ही आईची कामं. खाली तिसरी ओळ घालायची का, यावर घरात एकदा बोलणं झालं. बाबा म्हणाले, "घालायची तर घाला, मला विचारू नका," आणि मागच्या अंगणात नारळ सोलायला गेले. पाटी तशीच राहिली.

तिसरी ओळ अशी झाली असती : घातल्यावर बऱ्या वाटतील अशा ब्रा शिवून मिळतील.

शब्द लिहिला खरा, पण गिऱ्हाइकासमोर तो माझ्या तोंडून क्वचितच निघतो. मी इंग्रजी शाळेत शिकले. शरीराचे सगळे शब्द मला इंग्रजीतून मिळाले, तेही विज्ञानाच्या पुस्तकातल्या आकृतीला बाण काढून. मराठीतले माझ्याकडे नव्हतेच. आमच्याकडे येणाऱ्या बायकांकडे ते आहेत, पण त्या वापरत नाहीत. म्हाताऱ्या 'बॉडी' म्हणतात, मधल्या वयाच्या 'आतलं' म्हणतात, आणि बऱ्याचजणी नुसतं 'ते'. "ते शिवतेस ना तू?" एवढ्यावर काम सुरू होतं.

सुरुवात माझ्यापासून झाली. सगळं सांगणार नाही. कॉलेजात असताना बाजारातल्या दुकानात गेलं की काउंटरमागचा माणूस एकदा माझ्याकडे बघायचा, आकडा स्वतःच ठरवायचा आणि खोकं पुढे सरकवायचा. शेजारी ओळखीचं कोणीतरी उभं असायचंच, कारण रत्नागिरी एवढीशीच आहे. मी खोकं न उघडता पैसे देऊन बाहेर पडायचे. मग वर्षभर तारेचं टोक बगलेखाली टोचायचं. मार्च लागला की त्या घाम न शोषणाऱ्या कापडाखाली घामोळं यायचं आणि ते दिवाळीपर्यंत मुक्कामाला असायचं.

एका दुपारी मी त्यातल्या त्यात बरी असलेली एक ब्रा आईच्या ब्लेडने टाका टाका उसवली. मला वाटलं होतं चार-पाच तुकडे निघतील. चौदा निघाले. ते वर्तमानपत्रावर मांडले, तुकडा कुठे कसा बसत होता ते पेन्सिलीने लिहिलं, आणि तिथून माझा धंदा सुरू झाला. पुढचं मोबाईलवर व्हिडिओ बघत, चुकत शिकले.

ज्यांना शिवण येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सगळ्यांना वाटतं की वजन खांद्यावरचे पट्टे उचलतात. वजन उचलतो तो छातीखालून पाठीकडे फिरणारा पट्टा. तो नीट बसला तर खांद्यांवर काहीच येत नाही. तो चुकला तर बाई वरचे पट्टे आवळते, खांद्यावर खाचा पडतात आणि मग मान दुखते म्हणून ती तेल चोळत बसते. दुसरं म्हणजे, सपाट कापड गोलावर बसत नाही. नारळाच्या करवंटीवर कागद गुंडाळून बघा. कुठे ना कुठे चुणी पडतेच. ती चुणी जिथे पडते तिथे शिवण घ्यायची. मी पहिला कप करवंटीवरच शिकले. कापड सुती, आणि शिवायच्या आधी दोनदा धुतलेलं. पहिली कच्ची, ती जुन्या धोतराची. ती गिऱ्हाइकाने घालून बघायची, मग खरीला हात घालायचा.

माझ्या स्वतःच्या सहा बिघडल्या. सातवी अंगावर चढवली आणि दिवसभर विसरून गेले. संध्याकाळी आई म्हणाली, "आज तू सारखी खांदा उडवत नाहीस." तेव्हा आठवलं. मग आईने एक शिवून घेतली. पुढच्या आठवड्यात ब्लाऊज टाकायला आलेल्या बाईच्या कानात ती काहीतरी कुजबुजली आणि माझ्या खोलीकडे बोट दाखवलं. मी दाराआड होते.

अडचण मापाची होती. आई माप घेते तेव्हा टेप फिरवताना सुनेच्या डोहाळ्यांपासून सुरमईच्या भावापर्यंत सगळं बोलते. बाईला कळत नाही कधी माप झालं. मला ते जमत नाही. कोणाच्या इतकं जवळ उभं राहिलं की माझे हात गार पडतात, आणि गार हात लागले की समोरची दचकते. पहिल्या दोघी-तिघींच्या वेळी आम्ही इतक्या अवघडलो की मी आकडे अंदाजाने लिहिले आणि कापड वाया घालवलं.

म्हणून मी नाडी काढली. पडदा लावला. बाईने पडद्याआड जायचं, छातीखालून नाडी फिरवायची, टोक जिथे मिळेल तिथे गाठ मारायची. मग सर्वांत भरलेल्या जागी फिरवायची आणि दुसरी गाठ. मी बाहेर पाठ करून गप्प उभी. बघणं नाही, हात लावणं नाही, आकडा उच्चारणं नाही. बाई नाडी माझ्या हातात देणार, मी तिला तिने निवडलेल्या कापडाची चिंधी बांधणार. नाव लिहिलं नाही, कारण आमच्या आळीत कोणाच्या घरी किती कोकमं फोडली हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. नावानिशी मापं कोणाच्या हाती लागली असती तर मी घराबाहेर पडले नसते.

बायकांना ही पद्धत फार आवडली. एकजण म्हणाली, "माझ्या मापाचा आकडा तुझ्यापेक्षा मलाच ऐकायचा नसतो." कच्ची घालून बघायची तीही पडद्याआड, एकटीने. "बरोबर आहे," एवढंच बाहेर ऐकू यायचं. मला या पद्धतीचा अभिमान होता. एका लाजऱ्या मुलीने दुसऱ्या लाजऱ्या बायकांसाठी काढलेली युक्ती आहे असं मला वाटायचं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची आली. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी घेणाऱ्या एक मावशी आल्या, त्यांना मोबाईल ठेवायला आत कप्पा हवा होता. "कमरेला लावला तर भिजतो, पिशवीत ठेवला तर लिलावाच्या गोंगाटात ऐकू येत नाय." मी म्हटलं, वाजला तर धस्स नाही होणार? त्या म्हणाल्या, "होऊ दे. नवऱ्याचा फोन येईल तेव्हा तरी काळजात काय हलेल." कप्पा शिवला, आतून मेणकापड लावून.

दुसऱ्या हलीमाखाला. त्यांचा मुलगा दुबईत आणि त्या पहिल्यांदाच विमानाने निघालेल्या. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की विमानतळावर धातू असला की यंत्र ओरडतं. "बेटा, मना लोखंडाचा एक हुकपण नको. मशीन ओरडलं आणि पोलिसानं विचारलं कुठं ओरडतंय, तर मी काय दाखवू?" एवढ्याशा हुकाने यंत्र ओरडत नसावं असं मी सांगून पाहिलं. त्यांचा माझ्यापेक्षा शेजारणीवर विश्वास. शेवटी कापडी बटणं आणि बंद लावून तीन शिवून दिल्या. पोहोचल्यावर त्यांनी आईला आवाजी संदेश पाठवला, "मशीन गप्प होतं. पोरीला सांग." तो मी अजून आईला पुसू दिलेला नाही.

आता कुमुदकाकू.

काकू समोरच्याच घरात राहतात. साठीला आलेल्या. उजवा खांदा आखडलेला, हात मागे जात नाही. आमच्या आळीतल्या महिला भजनी मंडळाच्या त्या मुख्य गायिका, गेली वीस-बावीस वर्षं. त्यांच्या सासूबाईंच्या चिपळ्या त्यांच्या हातात आहेत. मंडळाचा सराव समोर मारुतीच्या मंडपात होतो, आठवड्यातून तीन दिवस, पाच वाजता. माझ्या मशीनसमोरची खिडकी बरोबर तिकडेच उघडते. मी कधी तिथे जाऊन बसले नाही, पण त्यांची सगळी भजनं मला पाठ आहेत.

शेवटच्या भजनात एक लांब ओळ आहे. बाकीच्या तिथे थांबतात आणि काकू ती एकट्याने, एका दमात, वर नेऊन खाली आणून सोडतात. पखवाजही तेवढा वेळ गप्प असतो. त्या ओळीला आई फोडणी द्यायची थांबते. बाबा भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघतात आणि कोणाला न सांगता मान हलवतात.

काकू माझ्याकडे आल्या त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला. पुढून हुक हवे होते, हात मागे जात नाही म्हणून. आणि इलॅस्टिक कमीत कमी, कारण त्याने त्यांना पुरळ येतं. मी विचार करून पट्टा जवळजवळ पूर्ण सुती घेतला, इलॅस्टिक फक्त पाठीत, चार बोटांचा तुकडा. कच्ची घालून त्या पडद्याआडून म्हणाल्या, "छान बसली गो." दोन शिवून दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डबाभर घावन आले, वर ओलं खोबरं. "कित्येक वर्षांनी माझी मी हुक लावले," असं त्या आईला म्हणाल्या. मी तो दिवस आनंदात काढला.

नंतरच्याच सरावाला ती ओळ मध्येच तुटली. मला वाटलं ठसका लागला. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तुटली, त्याच जागी. मग काकू ओळ दोन तुकड्यांत म्हणायला लागल्या. हार्मोनियम वाजवणाऱ्या शैलाताई दुसऱ्या तुकड्याला हळूच आवाज मिसळायच्या, कोणाला कळू नये असा. बाबांनी घड्याळ बघणं सोडलं. श्रावणात काकू डॉक्टरांकडे जाऊन आल्या. छातीचा फोटो झाला, हृदयाचा कागद काढला. सगळं ठीक. "वय झालं म्हणायचं," आई म्हणाली. मीही तेच म्हटलं.

गणपती होऊन गेल्यावर एक दिवस मी माझ्यासाठी नवी शिवायला घेतली. स्वतःची जुनी नाडी सापडेना म्हणून पडद्याआड उभी राहून नवी फिरवली आणि गाठ मारली. नाडी तशीच अंगाभोवती धरलेली असताना फोन वाजला. शाळेतली मैत्रीण होती. एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने नाडी, अशी बोलत राहिले. काहीतरी ऐकून मी हसले. खाली बघितलं तर टोक गाठीला पोहोचत नव्हतं. मध्ये दोन बोटांची फट होती.

मी फोन ठेवला. पुन्हा नाडी फिरवली आणि आरशात स्वतःकडे लक्ष दिलं. नाडी अंगाला लागताक्षणी मी पोट आत घेतलं होतं आणि श्वास धरला होता. कोणी सांगितलं नव्हतं. खोलीत कोणी नव्हतंही. तरी धरला होता.

मग लक्षात आलं की पडद्याआड गेलेली एकूणएक बाई अशीच उभी राहिली असणार. स्वतःच्या अंगाचं माप स्वतः घ्यायचं, बाहेर कोणीतरी उभं आहे, लवकर आटपायचं, आणि गाठ जितकी आत येईल तितकं बरं वाटतं. आईच्या टेपखाली बायका सुनेबद्दल बोलत असतात, म्हणजे श्वास घेत असतात. माझ्या पडद्याआड त्या गप्प होत्या, कारण मी गप्प होते. कच्चीसुद्धा त्या श्वास धरूनच घालून बघत होत्या. इतरांचं निभावलं, कारण त्यांच्या पट्ट्यात ताणणारं इलॅस्टिक होतं. काकूंच्या पट्ट्यात मी ते चार बोटांपुरतंच ठेवलं होतं.

डबा उघडून काकूंची नाडी काढली, वांगी रंगाच्या चिंधीची. गाठ इतकी घट्ट ओढलेली की नख शिरत नव्हतं.

तुम्ही विचाराल, त्यांना घट्ट कळलं कसं नाही? मीही तेच विचारलं स्वतःला. कळलं नाही, कारण बॉडी म्हटली की ती आवळणारच, असं त्या चाळीस वर्षं समजून चालल्या आहेत. संध्याकाळी काढली की वळ दिसतात आणि ते असायचेच, असं सगळ्याच समजतात. गप्प बसलं तर ती त्यांना छान बसत होती. फक्त गाताना कमी पडत होती.

त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर काकूंचे यजमान पडवीत पेपर वाचत होते. "काय गं, काकूकडे काम?" मी म्हटलं, आईने विरजण मागितलंय. विरजण घेऊन परत आले. आई म्हणाली, "आपलं संपलंय कुठे?" तिसऱ्या दिवशी मोबाईलवर लांब संदेश लिहिला, इंग्रजीतून, कारण इंग्रजीत ते सोपं वाटत होतं. मग आठवलं की काकूंचे संदेश त्यांचा मुलगा वाचून दाखवतो. पुसून टाकला. असे आठ दिवस गेले. प्रत्येक सरावाला खिडकीतून ती ओळ तुटताना ऐकत होते आणि मशीन जोरात चालवत होते.

शनिवारी जेवताना आई म्हणाली, "कुमुद सोडते म्हणते. उद्या शैलाच्या हातात चिपळ्या देणार. नवरात्रातल्या स्पर्धेला शैलाच म्हणेल." बाबा म्हणाले, "हं."

रविवारी पाच वाजता मी चपला न घालताच मंडपात गेले. आठ-नऊ बायका बसलेल्या, समोर शेंदूर लावलेला मारुती, आणि कोपऱ्यात पखवाजवाले अण्णा, मंडळातले एकुलते एक पुरुष, सत्तरीचे. काकूंनी चिपळ्या खणात गुंडाळून मांडीवर ठेवल्या होत्या. खणाला हळदकुंकू लावलेलं होतं.

"काकू, जरा बाहेर येता?"

"आता? काय ते इथंच बोल गो."

"इथे नको."

"परकी कोण आहे इथं? बोल."

मी म्हटलं, "चिपळ्या देऊ नका. तुमचा दम गेलेला नाही. पट्टा घट्ट आहे. माझं माप चुकलंय."

"कसला पट्टा?" शैलाताईंनी विचारलं.

"ब्रा," मी म्हटलं. पाहिजे त्यापेक्षा मोठ्याने. मंडपाला घुमटी आहे, आवाज फिरतो.

कोणीतरी म्हणालं, "अगं, मारुतीसमोर!"

"त्याला काय आई नव्हती?" काकू म्हणाल्या, पण त्या माझ्याकडे बघत होत्या. "काय म्हणतेस तू, नीट सांग."

मी सांगितलं. नाडी, गाठ, फट, सगळं. माझे हात गार झाले होते आणि मराठी मध्येच संपत होतं. अण्णा खाली मान घालून पखवाज पुसत होते. मी थांबले तेव्हा ते पखवाजाकडेच बघत म्हणाले, "वाजवून झालं की मी गठ्ठे उतरवून वाद्या सैल करून ठेवतो. आवळलेलीच ठेवली तर पुडीचं कातडं फाटतं. तीस वर्षं सांगतोय, कोण ऐकत नाय." आणि तंबाखू आणायला म्हणून उठून बाहेर गेले. अण्णा तंबाखू खात नाहीत.

मंडपाच्या मागे प्रसादाची भांडी ठेवायची खोली आहे. काकू तिथे गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर आम्ही सगळ्या उभ्या. आतून टोपावर झाकण आपटल्याचा आवाज आला. मग काही नाही. मला वाटलं, मी चुकले असेन तर? सगळ्यांसमोर बोलले आणि ती ओळ पुन्हा तुटली तर काकूंना तो कायमचाच निकाल वाटेल. हे आधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आतून आवाज लागला. आधी खालचा. मग ती ओळ सुरू झाली, वर गेली, जिथे तुटायची तिथे पोहोचली आणि पुढे गेली. शैलाताईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. ओळ खाली आली आणि सुटली.

दार उघडून काकू बाहेर आल्या. पदर नीट केला. मला वाटलं जवळ घेतील.

"दोन महिने मी मरायची तयारी करत होते गो," त्या म्हणाल्या. "पोराला बोलावून दागिने कोणाला काय ते सांगितलं. आणि तुला कधी कळलं हे?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस. त्या खिडकीत बसून ऐकत होतीस?"

काकूंनी खणातून चिपळ्या काढल्या आणि खण घडी करून पिशवीत ठेवला. शैलाताईंनी हार्मोनियमचा भाता उघडला. एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतः माझ्या खोलीत आल्या. पडदा बाजूला सारून म्हणाल्या, "ये. तूच घे माप. मी गाते." मी पहिल्यांदा कोणाच्या तरी फासळ्यांवर हात ठेवला. काकू गात होत्या आणि माझ्या बोटांखाली सगळं उघडत होतं, मिटत होतं. नाडी सरकत गेली. दोन नव्हे, जवळजवळ तीन बोटं. मी पट्टा मोठा केला आणि दोन्ही कुशींना इलॅस्टिकचा एकेक तुकडा सुती कापडाच्या आत मिटवून घातला, कातडीला लागू नये म्हणून. तीन कच्च्या केल्या. प्रत्येक वेळी काकूंना पूर्ण भजन म्हणायला लावलं. दुसरीच्या वेळी आई दारात येऊन उभी राहिली आणि गेली नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी मागे चपलांच्या ढिगाजवळ उभी होते. सगळे काकूंच्या तोंडाकडे बघत होते, मी बरगड्यांकडे. ती ओळ संपेपर्यंत मी श्वास घेतला नाही. त्यांनी ओळीआधीच घेतला असणार, कधी ते मला दिसलं नाही. दुसरा क्रमांक आला. बाबा अजून परीक्षकांवर रागावलेले आहेत.

काकू माझ्याशी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. घावन आले नाहीत. मी वाट बघते.

आता त्या डब्याबद्दल. नाडी देऊन गेलेल्या सगळ्यांची मापं श्वास रोखून दिलेली आहेत. काकूंसारखी ओळ कोणाला म्हणायची नसेल, पण जिना चढायचा असेल, बाळाला ओरडायचं असेल, हसायचं असेल. आईने आणि मी चिंध्या समोर ठेवून जेवढ्या आठवल्या तेवढ्यांना बोलावून पट्टे बदलून दिले. हलीमाखाला दुबईहून परतल्यावर येणार आहेत. बंदरावरच्या मावशी म्हणाल्या, "तरीच! मी म्हटलं लिलावात माझा आवाज का कमी पडतोय." संपादकबाई, तुमची मोरपंखी चिंधी मी ओळखली होती, तुम्ही लेख मागायला आलात तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्हीही या.

राहिल्या नऊ. फिकट पिवळ्यावर निळी फुलं असलेली चिंधी, तिच्या नाडीच्या दोन्ही गाठी दुहेरी मारलेल्या आहेत. पांढऱ्यावर तांबडा ठिपका, तिच्या नाडीचं एक टोक जळलेलं आहे. शेवाळी रंगाच्या दोन आहेत, बहुधा मायलेकी, कारण एकाच दुपारी आल्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. करड्या चौकडीची एक, ती अलोऱ्याहून आली होती आणि बस चुकेल म्हणून घाबरली होती. बाकीच्या चार साध्या बदामी, त्यांना वेगळं असं काही नाही.

पत्ता इथे देत नाही, तुम्हाला तो माहीत आहे. पाटीवर अजून दोनच ओळी आहेत. नवी नाडी मी देईन, पडदाही तोच आहे. फक्त आता मी पाठ करून गप्प उभी राहत नाही. पडद्याबाहेरून काहीतरी विचारते आणि आतल्या बाईने बोलत बोलत गाठ मारायची. मला विषय फारसे सुचत नाहीत. आज जेवायला काय केलं होतंत, एवढंच विचारता येतं. उत्तर तेवढं लांबलचक द्या.